दुकान सांभाळायचं की ‘हेल्थ आउटकम्स’ शिकायचं?

नागपूरच्या सक्करदऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं औषधांचं दुकान आहे, मुलगी बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ते लिहितात : “तिनं फार्मसिस्टची नोंदणी करून दुकानात बसावं, नाहीतर एमपीएससीची औषध निरीक्षकाची परीक्षा द्यावी, असं मला वाटतं. ती म्हणते, पेशंट औषधं नियमित घेतात का, त्यानं त्यांना खरंच किती फायदा होतो आणि त्या फायद्याच्या मानानं औषधाची किंमत रास्त आहे का, यावर मला संशोधन करायचं आहे. असं काही करिअर असतं का? की कंपन्यांच्या मार्केटिंगचंच हे नवं नाव? नागपुरात नोकरी मिळेल का? आणि माझ्यानंतर दुकानाचं काय?”

भाऊ, नमस्कार.

करिअर खरं आहे. उपचारांचा पेशंटला प्रत्यक्षात किती फायदा होतो ते मोजणाऱ्या या संशोधनाला ‘हेल्थ आउटकम्स’ म्हणतात आणि तुमच्या मुलीनं त्याचा गाभा अगदी बरोबर पकडला आहे. बी. फार्म.च्या विद्यार्थ्यांना मी “पुढे काय?” विचारतो तेव्हा दहातले नऊ जण एखाद्या कोर्सचं नाव सांगतात. तुमच्या मुलीनं प्रश्न सांगितला आहे. मला तरी ही मोठी गोष्ट वाटते.

हा विषय तुम्हाला परका नाही. महिन्याची बीपीची गोळी घ्यायला आलेला माणूस म्हणतो, “आज पाचच द्या, पगार झाला की बाकीच्या नेतो.” तुम्ही कात्रीनं स्ट्रिप कापून देता. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचं नाव अर्धं राहतं, कधी एक्स्पायरीची तारीख दुकानातल्या तुकड्यावरच उरते. दुसरा दीड महिन्यानं उगवतो आणि सांगतो, “गोळ्या संपल्या होत्या, पण बरं वाटून राहिलं होतं, म्हणून नाही आलो.” डॉक्टरांच्या कागदावर हे दोघंही ‘उपचार सुरू’ या रकान्यात असतात. प्रत्यक्षात काय चाललंय ते तुमच्या काउंटरला माहीत असतं.

संशोधक ते मोजतात. समजा, एकानं १ जूनला ३० गोळ्या नेल्या, रोज एक. पुढच्या गोळ्या न्यायला तो १५ जुलैला आला. मधले दिवस ४४, गोळ्या ३०. म्हणजे जास्तीत जास्त ६८ टक्के दिवस त्याच्याकडे औषध होतं. बऱ्याच अभ्यासांत ८० टक्क्यांची रेघ धरतात. त्याखालचा पेशंट औषध नियमित घेत नाही, असं समजतात. हिशेब सोपा आहे, अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. मधल्या काळात त्याला मेडिकलमधून, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून, फुकट गोळ्या मिळाल्या असतील का? मुलानं पुण्याहून आणून दिल्या असतील का? डॉक्टरांनीच गोळी बदलली असेल का? आणि नेलेली गोळी त्यानं खाल्ली हे तरी कशावरून? प्रत्येक आकड्याला असे प्रश्न विचारायची सवय लागणं हेच या विषयाचं शिक्षण.

ही सवय का लागते, त्याचं एक उदाहरण देतो. तुमच्या मुलीला ते कधी ना कधी शिकवलं जाईलच. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात क्लोफायब्रेट या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची पारख होती. ज्यांनी ८० टक्के किंवा त्याहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यातले पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले. ज्यांनी कमी घेतल्या, त्यांच्यातले सुमारे २५ टक्के. कुणीही म्हणेल, औषध लागू पडलं. पण त्याच अभ्यासात दुसऱ्या गटाला औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी दिली होती. तिथेही नियमित घेणाऱ्यांतले सुमारे १५ टक्के दगावले आणि टाळाटाळ करणाऱ्यांतले सुमारे २८ टक्के! १९८० मध्ये हे छापून आलं. त्या गोळीत औषधच नव्हतं, मग माणसं वाचली कशानं? जो माणूस गोळी न चुकता घेतो तो बहुधा पथ्य पाळतो, तपासणीला वेळेवर जातो, कदाचित मुळातच कमी आजारी असतो, घरात त्याच्याकडे लक्ष देणारं कुणीतरी असतं. म्हणून ‘नियमित घेणारे जास्त जगले, म्हणजे औषध चांगलं’ हा निष्कर्ष काढायला या शास्त्रात बंदी आहे. आधी बाकीची कारणं बाजूला करावी लागतात आणि ती करण्यासाठी संख्याशास्त्र लागतं. हे वाचून मुलीचे डोळे चमकले तर ती या विषयात रमेल. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

नियमितपणाचा प्रश्न लहानसहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ च्या अहवालात म्हटलं होतं, की दीर्घकाळच्या आजारांत विकसित देशांतसुद्धा औषध नियमित घेण्याचं प्रमाण सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास आहे आणि गरीब देशांत त्याहून कमी.

आता किमतीचं. नवं औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे एवढ्यावर सरकारला निर्णय घेता येत नाही. किती चांगलं आणि किती जास्त पैशांत, हे पाहावं लागतं. त्यासाठी आयुष्याची वर्षं आणि त्या वर्षांचा दर्जा एकत्र मोजतात. अंथरुणाला खिळून काढलेलं वर्ष आणि हिंडतं-फिरतं वर्ष सारखं धरत नाहीत. एखाद्या उपचारानं दोन लाख रुपये जास्त खर्चून असं अर्धं निरोगी वर्ष मिळत असेल, तर एका वर्षाची किंमत चार लाख झाली. ती परवडते का, हा मग देशाच्या ऐपतीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ ही संस्था १९९९ पासून हे काम करते. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागानं २०१७ मध्ये ‘हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया’ सुरू केलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कोणती लेन्स द्यावी, असले प्रश्न तिथे अभ्यासले गेले.

आपल्या विदर्भात तर या विषयाला काम उदंड आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच घ्या. हायड्रॉक्सियुरिया ही कॅप्सूल पेशंटला वर्षानुवर्षं रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. कॅप्सूल सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली तरी गडचिरोलीकडच्या आईला पोराला घेऊन नागपूरला यायचं तर बसभाडं जातं, त्या दिवसाची मजुरी बुडते. कॅप्सूल नसेल तर दुसरी खेप. हा खर्च औषधाच्या किमतीत धरायचा की नाही? धरला तर गावाजवळ कॅप्सूल पोहोचवणं स्वस्त पडतं का? असं कुणीतरी पोटतिडकीनं मोजायला हवं आणि ते इथल्या मुलींनी मोजावं अशी माझी फार इच्छा आहे.

मार्केटिंगची तुमची शंका निराधार नाही. या क्षेत्रातल्या पुष्कळ नोकऱ्या औषध कंपन्यांत आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत आहेत. आपल्या औषधाची किंमत योग्य कशी, हे पटवणारी कागदपत्रं तयार करणं हा तिथल्या कामाचा एक मोठा भाग. काम अभ्यासाचंच, पण पगार कोण देतं ते विसरून चालत नाही. सरकारी आणि विद्यापीठीय संस्थांत मोकळीक जास्त; मात्र जागा कमी आणि बऱ्याचशा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी. दोन्ही बाजू तिला आधीच माहीत असाव्यात.

नोकरीसाठी पहिली काही वर्षं नागपूर सोडावं लागेल असं धरूनच चाला. पुणे, हैदराबाद, बंगळुरू, गुरुग्राम इकडे कामं जास्त आहेत. ‘आउटकम्स’चं नाव देऊन नुसती डेटा एंट्री करून घेणारी पदंही असतात, मुलाखतीत तिनं रोजचं काम काय, हे स्पष्ट विचारावं.

वाटा अशा आहेत. जीपॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन ‘फार्मसी प्रॅक्टिस’मध्ये एम. फार्म. करता येतं. नायपर या केंद्र सरकारच्या औषधशास्त्र संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. दवाखान्यात पेशंटसमोर काम करायचं असेल तर बी. फार्म.नंतरचं तीन वर्षांचं फार्म. डी. आहे. आणि माझ्या मते अनेकांच्या लक्षात न येणारी, पण या मुलीला शोभणारी वाट म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, एमपीएच. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, तिरुअनंतपुरमची श्री चित्रा आणि चंडीगडची पीजीआय या वैद्यकीय संस्था, इथे तो अभ्यासक्रम चालतो. कोर्सचं नाव बघून प्रवेश घेऊ नका; तिथले प्राध्यापक या विषयावर काम करतात का, ते बघा. मार्गदर्शकच नसेल तर नावाला अर्थ नाही. ऑनलाइन सर्टिफिकेटवर आत्ता मोठी रक्कम घालू नका. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक्सेल तुमच्या घरी असेलच. या वर्षी तिनं संख्याशास्त्र पक्कं करावं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी औषधदुकानातल्या रिफिलचा, म्हणजे पेशंट पुढच्या गोळ्या न्यायला कधी येतात याचा, विषय तिला घेता येईल. मात्र गिऱ्हाइकांची वही थेट उचलून वापरायची नाही. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी, लोकांची संमती, नावं आणि फोन नंबर काढून टाकलेली नोंद, एवढं झाल्याशिवाय एकही आकडा घेऊ नये. पेशंटशी बोलायला ती मराठी, हिंदी दोन्ही वापरेल, पण “गोळी का सोडली?” असं दरडावून विचारलं तर कुणी खरं सांगत नाही. “कधीकधी घ्यायची राहून जाते का?” असं विचारलं तर सांगतात. हे तुम्ही तिला माझ्यापेक्षा चांगलं शिकवू शकाल.

औषध निरीक्षकाची जाहिरात आली तर तिनं अर्ज जरूर करावा, परंतु जाहिरातीची वाट पाहत दोन-तीन वर्षं घरी बसू नये.

राहता राहिलं दुकान. नोंदणी तिनं बी. फार्म. होताच करून घ्यावी, ती कुठेही कामाला येते. पुढे दुकान चालवायचं असेल तर पगारी नोंदणीकृत फार्मसिस्ट ठेवता येतो, भागीदार घेता येतो, चालतं दुकान विकताही येतं. यातलं काय करायचं ते तुम्ही आणि वहिनींनी ठरवा आणि मुलगी प्रवेश अर्ज भरायच्या आधी तिला सांगून टाका, म्हणजे त्या काळजीचं ओझं तिच्या निवडीवर येणार नाही.