पोरगा सज्ञान झाला, मग थकलेली पोटगी बुडाली का?

प्रश्न : मी कराडची. २०१५ मध्ये कोर्टाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मुलासाठी महिना चार हजार पोटगी ठरवली. तीनेक वर्षं पैसे आले, मग बंद. मी तेव्हा काहीच केलं नाही. मार्चमध्ये मुलाला अठरा पूर्ण झाली. त्याचे वडील आता पलूसला असतात. ऊस आहे, चारचाकी आहे. म्हणतात, ‘पोरगं सज्ञान झालं, आता कसली पोटगी?’ मुलगाही म्हणतो, ‘आई, सोड की.’ काय करू?

उत्तर : ताई, ते अर्धंच खरं बोलतायत. त्या हुकुमावर अठरानंतरचे पैसे मिळणार नाहीत, पण आधीचे थकलेले महिने वाढदिवसाला माफ होत नाहीत.

मात्र घाई करा. वॉरंट काढून वसुली हवी असेल, तर हप्ता देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज पडावा लागतो. म्हणजे दर महिन्याला तुमचा एकेक हप्ता या वाटेतून निसटतोय. ‘दिवाळी होऊ दे, मग बघू’ हे अजिबात नको. वर्षापूर्वीच्या थकबाकीचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पूनगोडी विरुद्ध थंगवेल खटल्यात सांगितलंय की ही अट वॉरंटपुरती आहे, हक्क त्याने संपत नाही. दिवाणी वसुलीची वाट उरते. तिलाही मुदत असते, म्हणून तेही आत्ताच विचारा. आणि ‘जाईन जेलात, पण देणार नाही’ अशी ऐट त्यांनी केली तर घाबरू नका. कैद भोगली म्हणून रक्कम फिटत नाही.

कोर्टाला जप्तीसाठी काहीतरी दिसावं लागतं. सातबारा कुणाच्या नावावर, ऊसबिल कोणत्या बँकेत जमा होतं, गाडीचा नंबर काय, हे जमवा. ‘त्यांच्याकडे भरपूर आहे’ एवढ्यावर काही हलत नाही. ते पलूसला गेले म्हणूनही अडत नाही. ते राहतात तिथल्या कोर्टातून हुकूम बजावता येतो.

मुलगा आता सज्ञान, त्यामुळे अर्जावर त्याचं नाव लागेल का, हे वकिलांना विचारा. लागलं तर एक सही घ्या. त्याला निरोप्या मात्र करू नका. बापाशी बोलायचं की नाही, हे त्याचं तो ठरवेल. पैसे तुम्ही खर्चून बसलात, ते मागायला त्याची परवानगी कशाला?

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जाताना हुकुमाची प्रत आणि पैसे जमा व्हायचे त्या खात्याचं पासबुक न्या, म्हणजे कोणता हप्ता कधी चुकला ते लगेच मांडता येईल.