नातीच्या शाळेतून आलेले गणिताचे पत्र

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे राहतो. नात तेथील सरकारी शाळेत चौथीत आहे. अपूर्णांकांच्या चाचणीत ती मागे असल्याचे शाळेने लेखी कळवले असून, तिला उन्हाळी सुटीत गणिताच्या शिबिराला पाठवावे, असे सुचवले आहे. सूनबाईंना भीती वाटते की मुलीला त्याच वर्गात बसवतील. हे काय प्रकरण आहे, आणि मी येथून काही करू शकतो का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सूनबाईंची भीती बहुधा दुसऱ्या कायद्यामुळे निर्माण झाली आहे. अलाबामात 2019 साली वाचनासंबंधी कायदा झाला आणि त्यात तिसरीअखेर ठरलेल्या पातळीइतके वाचता न येणाऱ्या मुलाला त्याच इयत्तेत ठेवण्याची तरतूद आहे. गणिताचा कायदा 2022 चा. त्यात अशी सक्ती नाही. पालकांना लेखी कळवणे हे शाळेचे कायदेशीर कर्तव्य आहे, म्हणून ते पत्र आले. त्याला शिक्षा समजू नये.

कायदा करण्याची वेळ का आली, तेही सांगतो. 2019 च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या गणितात अलाबामा सर्व राज्यांत शेवटचे होते. त्यानंतरच्या या कायद्याने बालवाडी ते पाचवीच्या शाळांत टप्प्याटप्प्याने गणिताचे मार्गदर्शक शिक्षक नेमण्यास सुरुवात केली. हे मार्गदर्शक मुलांची शिकवणी घेत नाहीत. ते वर्गशिक्षकाला शिकवण्याच्या कामात मदत करतात, आणि माझ्या मते कायद्याचे खरे बळ येथेच आहे. चौथी-पाचवीसाठी अपूर्णांकांची वेगळी चाचणी ठेवली, कारण पुढचे बीजगणित तेथेच अडते. 2024 मध्ये त्याच राष्ट्रीय चाचणीत अलाबामाची चौथीची सरासरी 230 वरून 236 वर गेली आणि चौथीच्या गणितात स्वतःच्या 2019 च्या सरासरीपुढे जाणारे ते एकमेव राज्य ठरले. अर्थात गणिताचा नवा अभ्यासक्रम 2019 मध्येच मंजूर झालेला असल्याने सगळे श्रेय कायद्याला देता येणार नाही.

आता आपल्या वाट्याचे काम. आपल्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी घोकली आणि तिचा उपयोगही झाला. परंतु पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे सारे शब्द चौथ्या हिश्शाच्या घरातले आहेत, तर मुले अडखळतात ती तृतीयांश आणि पंचमांशाशी. तीनपेक्षा चार मोठा, म्हणून एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा, असे मूल अगदी सरळ मनाने समजते. नातीच्या स्वयंपाकघरात मापाचे कप असतील. व्हिडिओ कॉलवर तिला पाव कप आणि एक तृतीयांश कप शेजारी ठेवायला सांगा, कोणता मोठा ते आधी विचारा, आणि मग तांदूळ भरून तपासू द्या. पाव कप चार वेळा ओतला की पूर्ण एक कपाचे माप भरते, तृतीयांशाचा तीनच वेळा. हे तिच्या हाताला कळेपर्यंत छेद समान करण्याची रीत सांगू नका. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे तिने उत्तर दिले तर चूक दाखवण्याऐवजी "दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे की लहान?" एवढेच विचारा.

शिबिराला अवश्य पाठवावे. त्याआधी सूनबाईंनी वर्गशिक्षिकेला भेटून नात नेमक्या कोणत्या प्रश्नांवर अडली हे विचारावे. केवळ एकूण गुण कळून आपल्याला कपात काय ओतायचे ते ठरवता येणार नाही.