भिंत न फोडता इमारतीच्या आतली हालत खरंच कळते का?

प्रश्न: आमची सोसायटी 34 वर्षांची आहे. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी दोन मुलं आली, कॉलमवर हातोडीसारखं यंत्र दाबून आकडे लिहून घेऊन गेली. एवढ्यावर आतलं काय कळणार?

उत्तर: नुसत्या त्यावरून फारसं नाही. तुमची शंका रास्त आहे. मी याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

त्या यंत्राला रिबाउंड हॅमर म्हणतात. स्प्रिंगवरचा दट्ट्या आपटून किती उसळला, एवढंच तो सांगतो, म्हणजे काँक्रीटच्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरचा टणकपणा. आता गोची बघा. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरला की जुनं काँक्रीट वरून टणक होतं, आणि त्याच क्रियेत सळईला गंजापासून वाचवणारा त्याचा क्षारधर्म जातो. म्हणजे आकडा झकास, आणि आत सळई गंजायला मोकळी! भारतीय मानकातसुद्धा या आकड्यावरून काढलेली ताकद 25 टक्के इकडेतिकडे धरायला सांगितली आहे. प्लास्टर न काढता हॅमर मारला असेल, तर तो आकडा प्लास्टरचा समजा.

दुसरी चाचणी अल्ट्रासॉनिकची, आम्ही यूपीव्ही म्हणतो. कॉलमच्या समोरासमोरच्या बाजूंना ग्रीस लावून दोन प्रोब धरायचे आणि ध्वनिलहर आरपार जायला किती वेळ घेते ते मोजायचं. वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर चांगलं, तीनच्या खाली गेला तर आत पोकळी किंवा भेगा असण्याची शंका. काँक्रीट ओलं असेल तर वेग उगाच वाढून येतो, हे लक्षात ठेवा.

मुंबई-ठाण्याच्या खाऱ्या दमट हवेत मी आग्रह धरतो तो हाफ-सेलचा, म्हणजे आतल्या सळईचा गंज ओळखणाऱ्या चाचणीचा. एके ठिकाणी सळई जराशी उघडी करून तिला वायर जोडतात, काँक्रीट ओलं करतात आणि मोरचूदाच्या द्रावणातली तांब्याची कांडी पृष्ठभागावर ठिकठिकाणी टेकवून व्होल्टेज घेतात. उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. मात्र सळई किती खाल्ली गेली ते यात कळत नाही. त्यासाठी तेवढा तुकडा फोडून सळईची जाडी मोजायला व्हर्नियर लावावाच लागतो. 'न फोडता' हा शब्द थोडा सैलच घ्या.

दगड-चुन्याच्या जुन्या वास्तूंचं गणित वेगळं. तिथे हॅमर फक्त त्या एका दगडाचा टणकपणा सांगणार. भिंतीच्या दोन दर्शनी थरांमधली भर खचून पोकळी झाली आहे का, हे पाहायला भिंतीत रेडिओलहरी सोडणारं रडार उपयोगी पडतं, पण भिंत ओली असली की त्या लहरी आतच जिरतात. पावसाळ्यात रडार आणू नका. भेगांवर तर मापपट्टी चिकटवून वर्षभर नोंद ठेवावी. काळ्या मातीवरच्या वाड्यांत उन्हाळ्यात उघडलेली भेग पावसाळ्यात मिटते, आणि एकाच भेटीत पाहणारा फसतो.

तुम्ही आता इतकंच करा. रिपोर्टसोबत कच्च्या नोंदी आणि कुठला कॉलम तपासला त्याचा नकाशा मागा. जिन्याजवळचे, हाताशी येणारे कॉलमच त्यात असतील, तर बाथरूमच्या डक्टला लागून असलेले आणि पाण्याच्या टाकीखालचे कॉलम पुन्हा तपासायला सांगा. एजन्सी कुरकुर करेल, ऐकू नका.