पालथा पडला, तो आधी कुणी पाहिला?

पंचवटीतून आलेलं पत्र. लिहिणारी ३९ वर्षांची, लग्न न केलेली, सकाळच्या सत्रातली शिक्षिका. पत्र चार पानी, त्यातली साडेतीन पानं भाच्यांचीच. थोडक्यात देते.

“माई, धाकट्या भावाला जुळे मुलगे झाले आणि मी कामातून गेले. सात महिन्यांचे आहेत. चार मिनिटांनी मोठा तो थोरला, दुसरा धाकटा. पाच आठवडे आधीच आले, तेव्हा दोघं मिळून चार किलोसुद्धा भरत नव्हते. आता एकाला कडेवर घेतलं तरी खांदा भरून येतो. साडेबाराला शाळा सुटली की मी गाडी काढते, द्वारकेच्या गर्दीतून पाथर्डी फाट्याला भावाकडे पोचते, ती रात्री जेवूनच परत. थोरल्याला परवा स्वतःचा पाय सापडला. दोन्ही हातांनी धरून इतका वेळ बघत होता, जणू पाहुण्यांपैकी कुणीतरी विसरून गेलंय. धाकटा आजीच्या शिंकेला खदखदून हसतो, मग माझी आई बिचारी खोट्या शिंका देत बसते. वहिनीची रजा संपली, ती गेल्या महिन्यात अंबडला कंपनीत रुजू झाली, त्यामुळे दिवसा आई आणि मीच. धाकटा पहिल्यांदा पालथा पडला तेव्हा मी समोरच होते. लगेच व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांना काय आनंद झाला! थोरला अजून पडत नाही, मी रोज त्याचा सराव घेते. पण परवा एका कार्यात मावसबहीण म्हणाली, ‘दुसऱ्याच्या लेकरांत इतका जीव गुंतवू नये, उद्या त्यांना आठवणसुद्धा राहायची नाही.’ आणि हल्ली वहिनीही म्हणते, ‘ताई, रोज एवढ्या लांब येता, दमत असाल.’ मी जाणं कमी करू का? माझं काही चुकतंय का? — वेडी आत्या”

अगं वेडे,

आधी मावसबहिणीचा निकाल लावू, तो सोपा आहे. बारशाला पाळण्यावर वाकून कानात ‘कुर्रर्र’ कुणी केलं? आणि पाठीत धपाटे कुणी खाल्ले? जुळे म्हटल्यावर दुप्पट खाल्ले असशील. आपल्याकडे जावळाला मामाची मांडी लागते, उष्टावणाला मामाच्या हातचा घास लागतो आणि नाव ठेवायला आत्या लागते. तिला एवढंच विचार, की तिच्या मुलाला ती ज्या नावाने हाक मारते, ते नाव त्याच्या कानात पहिल्यांदा कुणी सांगितलं.

राहिली आठवण. सात महिन्यांचं कुणालाच काही आठवत नाही. आईने रात्र रात्र खांद्यावर घेऊन काढलेल्या येरझाऱ्याही आठवत नाहीत. त्या हिशेबाने आईनेही झोपून घ्यावं की!

पत्राच्या शेवटी तू एक वाक्य लिहून खोडलं आहेस, पण खालचं वाचता येतं: ‘की मी रिकामी जागा भरतेय?’ असेलही थोडं. पण पाय सापडल्याचं ते वाक्य रिकाम्या जागेतून आलेलं नाही, ते बघण्यातून आलंय. मुलांना जवळून बघणारी माणसं घरात कमीच असतात. आईला दूध, दुपटी, झोप, ताप यांतून मान वर करायला सवड नसते, बाप फोटो काढण्यात असतो, आजीला कुकरची शिट्टी मोजायची असते. मूल पाय धरून बसलंय आणि त्याच्या कपाळाला आठी पडलीय, हे बघायला कुणीतरी काही न करता समोर बसावं लागतं. तू बसलीस. त्यात वेड कसलं?

पावसाळ्यात आपण गोदाघाटावर पूर बघायला जातो, तेव्हा पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बोट दाखवतो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. पण जो सकाळपासून घाटावर ठाण मांडून बसलाय त्याला विचार, तो म्हणेल, आहे तेवढंच आहे. जो सकाळी बघून गेला आणि दुपारी परत आला, त्याला कळतं कमरेचं छातीला आलेलं. तुला भाच्यांतला फरक दिसतो तो त्यामुळेच: काल मुठीत खुळखुळा धरता येत नव्हता, आज या हातातून त्या हातात जातोय. हे लक्षात ठेव, पुढे मला याचा उपयोग आहे.

आता वहिनी.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ते तू आनंदाच्या भरात लिहून पुढे गेलीस. मी तिथेच अडकले. ‘लगेच व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला.’ त्या वेळी वहिनी कुठे होती? अंबडला. तिने तो व्हिडिओ कुठे पाहिला असेल? मशीनच्या आवाजात, नाहीतर घरी येताना कंपनीच्या बसमध्ये, उभ्याने. तोवर सगळ्या नातलगांचे अंगठे आणि फुलं येऊन पडलेली. तिनेही एक बदाम टाकला असेल. टाकावाच लागतो. हातात मोबाईल घट्ट धरून मग ती खिडकीबाहेर बघत बसली असेल, असं आपलं मला वाटतं. मी तिथे नव्हते. पण रजा संपून कामावर गेलेल्या बाईला त्या पहिल्या महिन्यात कसलं भय असतं ते मला माहीत आहे. दूध आटेल हे भय असतंच. त्याहून मोठं असतं ते हे, की मूल आपल्यामागे मोठं होईल आणि आपल्याला दुसऱ्याकडून कळेल. तिला ते सगळ्यांच्या देखत कळलं.

मग ‘ताई, दमत असाल’ याचा अर्थ तूच लाव.

तू वाईट काही केलं नाहीस. तुझ्या पोटात आनंद मावला नाही एवढंच. आणि सव्वीस आठवड्यांची रजा २०१७च्या कायद्याने मिळायला लागली. त्याआधी बारा आठवडेच असत आणि बायका मान न धरणारी पोरं घरी ठेवून जात, हेही तिचं दुःख हलकं करायला सांगायला जाऊ नकोस. आमच्या पिढीला ही खोड फार आहे.

मी पोस्टात होते. भद्रकालीच्या वाड्यात दोन खोल्या, सासू, सासरे, बिनलग्नाची नणंद आणि आठ महिन्यांची माझी लेक. एक दिवस संध्याकाळी मी येऊन पाय धुते तोवर नणंद म्हणाली, “वहिनी, हिला जरा तुम्हीच पाणी पाजा, माझ्या हातून घेत नाहीये.” चांदीचं बोंडलं होतं. मी ते पोरीच्या तोंडाला लावलं आणि ‘टिक’ असा आवाज आला. परत लावलं. परत टिक. पहिला दात! मी अशी ओरडले की समोरच्या खोलीतले आजोबा काठी घेऊन बाहेर आले. नणंद स्वयंपाकघरातून हात पुसत धावली, “काय झालं, काय झालं?” बारा-पंधरा वर्षांनी एकदा सासूबाईंच्या तोंडून निसटलं. नणंदेने तो आवाज दुपारी दोन वाजताच ऐकला होता आणि सासूबाईंना शपथ घातली होती.

हे खोटं बोलणं झालं का? झालं. असं खोटं तूही खुशाल बोल.

आता संध्याकाळचं. वहिनी साडेसहाला येत असेल. तेव्हा पोरं कुठे असतात? माझा अंदाज, एक तुझ्या मांडीवर आणि एक तुझ्यासमोर सतरंजीवर. ती हात-पाय धुऊन येते, तुझ्याजवळ बसते आणि तू सांगायला लागतेस, आज यांनी असं केलं, तसं केलं. सांगण्यात प्रेमच आहे गं, पण ऐकणारीला ते आपल्याच घरात पाहुणी म्हणून बसल्यासारखं होतं. उद्यापासून तिचा गेटचा आवाज आला की उठ. तिने हात पुसले की दोघंही तिच्या ओंजळीत दे आणि स्वयंपाकघरात जा. कणीक मळ, दुपट्यांच्या घड्या घाल, सकाळसाठी नाचणी भिजव. साडेसहा ते साडेसात तुला पोरं दिसली नाहीत तरी चालतील. आणि रात्री जेवून जायची सवय मोड. आईचं मन राखायला आठवड्यातून एकदा जेव, बाकी दिवस दिवे लागले की गाडी काढ.

आठवड्यातला एखादा वार जाऊच नकोस. ‘तुला आवडत नाही ना, मग नाही येत’ असं रुसून नाही, ठरवून. आईशी आधी बोलून घे, दोघांना एकटीने सांभाळायचं म्हणजे तिच्या गुडघ्यांचा विचार हवा. त्या दिवशी तासाभरासाठी कुणी मदतीला मिळतं का बघा. तो दिवस तुझा. घाटावर जा, मैत्रिणीला भेट, झोप काढ. दुसऱ्या दिवशी पोरं बघ, पाणी कमरेचं छातीला आलेलं असेल.

आणि हो, तुझा भाऊ चार पानांत कुठेच नाही. पहिल्या ओळीत ‘भावाला मुलगे झाले’, मग गायब. तो काय करतो? रात्री कुणाचं रडणं कुणाच्या वाट्याला येतं? तुला दुपारची मलई मिळते, वहिनीला रात्रीचं ताक. तेव्हा एखाद्या शनिवारी रात्री तिथेच राहा आणि तिला सांग, तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा, पाजायची वेळ झाली तरच उठवते. एका रात्रीत तुला तिच्याबद्दल जे कळेल ते माझ्या पत्राने कळणार नाही. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची लस असते, तेव्हाही बरोबर जा. जुळ्यांना दोन मांड्या लागतातच. पण कोणती मांडी कुणाची, ते वहिनीला ठरवू दे.

थोरल्याचा सराव मात्र आजच बंद. पाच आठवडे आधी आलेल्या मुलाचं वय डॉक्टर पहिली दोन वर्षं ठरलेल्या तारखेपासून धरतात. म्हणजे तो अजून पुरता सहा महिन्यांचाही नाही, आणि तू त्याला भावाशी शर्यतीत उतरवलंस! जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतली आठशेवर मुलं पाहून २००६मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात कुणी सव्वाआठ महिन्यांत एकटं चाललं, कुणी साडेसतरा महिन्यांत, आणि सगळी धडधाकट. काही तर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तू शिक्षिका आहेस, वर्गात पाढे उशिरा येणाऱ्या मुलाला तू काय म्हणतेस, तेच थोरल्याला म्हण. त्याला जागेपणी सतरंजीवर पोटावर ठेव, समोर खुळखुळा ठेव, जवळ बस, बास. ठरलेल्या तारखेच्या हिशेबाने नऊ महिन्यांचा झाला तरी आधाराशिवाय बसला नाही, तर डॉक्टरांना विचारायचं, तेही वहिनीने. आणि कुणी कौतुकाने मधाचं बोट चाटवायला आलं तर वर्ष होईस्तोवर अडव. तिथे भिडेला पडू नकोस, आजी असली तरी.

एक सांगून ठेवते, नाहीतर पुन्हा चार पानं येतील. येत्या महिना-दोन महिन्यांत ही दोघं एकदम बदलतील. आई खोलीबाहेर गेली की भोकाड पसरतील. तुझ्या कडेवरून तिच्याकडे झेप घेतील, ती घरात असली तर तुझ्याकडे यायलाच नकार देतील. तुझं काही बिघडलेलं नसेल. डोळ्याआड गेलेली गोष्ट कुठेतरी असते, एवढं त्यांना कळायला लागलेलं असेल, पण ती परत येईल याची खात्री नसेल. त्या दिवसांत पदर तोंडावर घेऊन ‘कुऽऽक’ कर आणि बाजूला करून ‘भोऽऽक’. पन्नास वेळा केलंस तरी धाकटा एक्कावन्नाव्यांदा तितकाच हसेल. आणि झेप घेताना वहिनीच्या चेहऱ्याकडे बघ. इतक्या महिन्यांत तो चेहरा तू नीट बघितलेला नाहीस.

त्या व्हिडिओबद्दल तिची माफी मागू की नको, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. मोठा समारंभ नको. पोळ्या लाटताना म्हण, “तो व्हिडिओ आधी तुम्हाला पाठवायला हवा होता, मला सुचलंच नाही.” ती म्हणेल, “छे हो ताई, त्यात काय.” तेवढ्यावर थांब. पुढची पोळी लाट.

मग कधीतरी, वर्षाचे होतील तेव्हा म्हण, दुपारी तीनच्या सुमारास दोघांपैकी एक जण पलंगाची कड सोडेल आणि तुझ्या दिशेने एक पाऊल टाकून बदकन बसेल. आईकडे बघ, ओठांवर बोट ठेव. मोबाईल पर्समध्येच राहू दे. संध्याकाळी वहिनी चपला काढून आत आली की त्याला त्याच कडेला उभा कर, आणि तिला म्हण, “इथे खाली बसता का जरा? मी चहा टाकते.”

— माई