फोन बंद लागला की जीव टांगणीला

प्रश्न : मी भुसावळची, वय ३१. आमचे हे मालगाडीवर लोको पायलट. ड्यूटीवर त्यांचा फोन बंद लागला की माझ्या मनात नको नको ते येतं. घरी आले की मी त्यांचा फोन चाळते, ते चिडून गप्प होतात. नणंदबाई म्हणतात, पुरुषाला शरीराचा संशय, बाईला मनाचा, हे असंच चालायचं. खरं आहे का?

उत्तर : ताई, नणंदबाईंचं म्हणणं अर्धवट खरं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये कॉलेजच्या मुलामुलींना विचारलं, जोडीदाराचा परक्याशी शरीरसंबंध जास्त बोचेल की परक्यावर जीव जडणं? ६० टक्के मुलांनी शरीरसंबंध निवडला, ८३ टक्के मुलींनी जीव जडणं. पण मग उरलेल्या ४० टक्के मुलांचं काय? २०१० मध्ये केनेथ लेव्ही आणि क्रिस्टन केली यांना दिसलं, की नात्यात निर्धास्त असणाऱ्यांना, त्यातल्या पुरुषांनासुद्धा, मन दुसरीकडे जाणंच जास्त लागतं. जवळीक टाळणाऱ्यांना जोडीदाराचा परक्याशी शरीरसंबंध जास्त खुपतो. तेव्हा बाई की पुरुष, एवढ्यावर सगळं ठरत नाही.

पत्रावरून तुमचा स्वभाव धास्तावणारा वाटतो, त्यांचा मिटून घेणारा. फोनमध्ये काही सापडत नाही, घटकाभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच सवय लागते. तुम्ही उकरता, ते मिटतात. ते मिटले की तुमची धास्ती दुप्पट.

इंजिनात फोन बंद ठेवणं हा रेल्वेचा नियमच आहे. मालगाडी कुठल्या सिग्नलला किती वेळ उभी राहील, हे त्यांच्याही हातात नसतं. म्हणून मेसेजची वेळ ठरवूच नका, ती चुकते आणि पुन्हा भांडण. साइन ऑनच्या, म्हणजे ड्यूटीवर हजेरी लावण्याच्या आधी एक आणि रनिंग रूमला, म्हणजे चालकांच्या विश्रांतीच्या जागी पोचल्यावर एक, एवढंच ठरवा. फोन चाळावासा वाटला की २० मिनिटं थांबा आणि वहीत दोन रकाने करा : ‘घडलं काय’ आणि ‘मी धरून चालले काय’. ‘फोन बंद लागला’ पहिल्यात, ‘कुणाबरोबर तरी असतील’ दुसऱ्यात. बोलायचं ते त्यांची झोप झाल्यावर, दारातच नाही. ‘कुठे होतात?’ असं न विचारता ‘फोन लागला नाही की मला भीती वाटते, पोचलात की कळवा’ असं सांगा.

खोटं बोलल्याचं उघड दिसलं असेल, तर मात्र दोष तुमच्या स्वभावाला देऊ नका. तेव्हा थेट त्याच गोष्टीवर बोला. धास्तीने झोप उडाली असेल तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. आणि संशयावरून मारहाण किंवा कोंडून ठेवणं कुणाच्याही घरी होत असेल, तर महिला हेल्पलाइन १८१.