गच्चीवर पहिल्यांदा पुदिना, कोथिंबीर, तुळस, गवती चहाच्या कुंड्या मांडताय ना, ताई?

आधी मातीचं सांगते. शेतातली काळी माती नुसतीच कुंडीत भरू नका. आपली खान्देशातली माती पाणी धरून बसते, वाळली की दगडासारखी घट्ट होऊन भेगाळते. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. कुंडीच्या तळाला भोकं हवीतच.

पुदिना मात्र वेगळ्या, पसरट कुंडीत लावा; त्याच्या मुळ्या शेजारच्याला जगू देत नाहीत. बाजारच्या जुडीतली जाड काडी पाण्यात ठेवली तरी आठवड्याभरात मुळं धरते. धने हलक्या हाताने रगडून, दोन फाका करून पेरा. पण कोथिंबीर ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच. उन्हाळ्यात ती लगेच फुलावर जाते. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा. गवती चहाला बारा इंची कुंडी द्या.

खरी परीक्षा मे महिन्याची. जळगावात पारा ४५ अंशांवर जातो, तापलेल्या स्लॅबवर मुळं अक्षरशः शिजतात. माझा पहिला पुदिना असाच गेला, फार वाईट वाटलं होतं. कुंड्या विटांवर ठेवा, वर हिरवी शेडनेट बांधा, मातीवर केळीची वाळलेली पानं अंथरा. पाणी सकाळी लवकर, बोट खुपसून माती कोरडी लागली तरच.