वाचक विचारतात : अमेरिकेतील उन्हाळी सत्र

प्रश्न : माझी मुलगी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क किंवा बॉस्टनमधील एखाद्या विद्यापीठात उन्हाळी सत्र करावे, असे तिच्या मनात आहे. तेथे मिळवलेले क्रेडिट येथे धरले जाईल का, तिसऱ्या वर्षाचे वर्ग बुडणार नाहीत ना, आणि एवढ्या थोड्या दिवसांसाठी विद्यार्थी व्हिसा खरोखरच लागतो का?
— एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण तिसऱ्या वर्षाच्या वर्गांचा प्रश्न मध्ये ठेवला आहे, मी तो सर्वांत आधी घेतो, कारण बाकीचे बरेच काही त्यावरच ठरते. अमेरिकेत वसंत सत्र मे महिन्यात संपते. त्यानंतर कोलंबिया किंवा बॉस्टन युनिव्हर्सिटीसारखी विद्यापीठे उन्हाळ्याचे साधारण सहा-सहा आठवड्यांचे दोन भाग करतात. पहिला भाग मेच्या उत्तरार्धात सुरू होऊन जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी संपतो, तर दुसरा चार जुलैच्या सुट्टीच्या आगेमागे सुरू होऊन ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वर्षाची विभागणीच वेगळी असल्यामुळे तेथील मुख्य उन्हाळी सत्र जूनच्या अखेरीस उघडते. आपल्याकडे चौथ्या सत्राची परीक्षा मेपर्यंत लांबू शकते आणि तिसरे वर्ष जूनमध्ये सुरू होते. म्हणजे आपल्या मुलीला त्यातल्या त्यात सोयीचा आहे तो पहिलाच भाग, आणि त्यातही परीक्षेचा शेवटचा पेपर व तिथला पहिला तास यांच्यात फारसे अंतर राहणार नाही. दुसरा भाग घेतला, तर तिसऱ्या वर्षाचा पहिला दीड-दोन महिन्यांचा काळ हातचा जाईल आणि ७५ टक्के हजेरीचा हिशेब वर्षभर मानगुटीवर बसेल. महाविद्यालयाने परीक्षेचे अंतिम वेळापत्रक लावल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. काढायचेच असेल, तर तारीख बदलता येईल असे काढावे.

क्रेडिटविषयी माझे मत थोडे निरुत्साही वाटेल. विद्यार्थ्याने स्वतःहून प्रवेश घेऊन परदेशी विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट येथील गुणपत्रिकेत आपोआप जमा होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली भारतीय व परदेशी संस्थांच्या सहकार्याविषयी जे विनियम केले, ते दोन संस्थांनी आपसांत केलेल्या करारांना लागू होतात. आपल्या मुलीच्या महाविद्यालयाचा असा करार नसेल, तर अर्ज करण्यापूर्वी प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना विषयाचा अभ्यासक्रम दाखवून लेखी उत्तर घ्यावे. उत्तर नकारार्थी आले, तरी जाणे व्यर्थ ठरत नाही. पुढे तिने अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केला, तर तिथल्याच प्राध्यापकांनी दिलेली श्रेणी आणि अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (विषयवार श्रेणींचा उतारा) यांचे मोल असते. मात्र तेवढ्यासाठी विषय विचारपूर्वक निवडावा. न्यूयॉर्कच्या इतिहासाची रंजक ओळख करून देणारा विषय आणि इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे संख्याशास्त्राच्या साहाय्याने आर्थिक विश्लेषण, यांत निवड करायची असेल, तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने इकॉनॉमेट्रिक्सच घ्यावे, असे मी निःसंकोच सांगेन. शहर तर संध्याकाळी पाहताच येते.

तेवढी संध्याकाळ मोकळी राहील का, हाही प्रश्नच आहे. सेमिस्टर पद्धतीत तीन क्रेडिटच्या विषयाला साधारण ४५ तासांचे अध्यापन गृहीत धरतात. एरवी पंधरा आठवड्यांत विभागले जाणारे हे तास उन्हाळ्यात सहा आठवड्यांत बसवावे लागतात. म्हणजे आठवड्याला साडेसात तास वर्ग झाले. वर्गातील एका तासामागे बाहेर दोन तासांचे काम हा तिथला रूढ हिशेब धरला, तर एकच विषय आठवड्याचे साडेबावीस तास घेतो, आणि दोन विषय ४५. आठवड्यातून चार दिवस वर्ग असेल, तर रोजची बैठक जवळजवळ दोन तासांची होते. मध्यावधी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येते, आणि एक आठवडा आजारपणात गेला, तर नेहमीच्या सत्रातील अडीच आठवडे बुडाल्यासारखे होते. जेट लॅग उतरेपर्यंत पहिला गृहपाठ द्यायची वेळ आलेली असते.

एकच विषय घ्यावा, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण इथे व्हिसाचा नियम आडवा येतो. पदवीसाठी क्रेडिट देणारा अभ्यास करायचा असेल, तर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागतो, मुदत सहा आठवड्यांची असो वा सहा वर्षांची. जिचे शिक्षण उन्हाळी सत्रापासूनच सुरू होते, त्या एफ-१ विद्यार्थिनीला त्या सत्रात पूर्णवेळ नाव नोंदवावे लागते. उन्हाळ्यासाठी पूर्णवेळ म्हणजे किती क्रेडिट, हे विद्यापीठ ठरवते, आणि पुष्कळ ठिकाणी एका विषयात ते भागत नाही. शिवाय ऑनलाइन विषय एका सत्रात एकच, किंवा तीन क्रेडिटपर्यंतच, या हिशेबात धरला जातो. उन्हाळ्यात ऑनलाइन वर्गांची संख्या बरीच असते. म्हणून विषयांच्या यादीत प्रत्यक्ष वर्गाची खूण पाहूनच निवड करावी. काही विद्यापीठे केवळ उन्हाळ्यासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आय-२० हे प्रवेशाचे पत्रच देत नाहीत, आणि त्या पत्राशिवाय एफ-१ चा अर्ज करता येत नाही. तेव्हा शुल्क भरण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला पहिला ईमेल याच विषयावर करावा.

आय-२० हाती आल्यावर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी प्रणालीचे ३५० डॉलर भरावेत, डीएस-१६० हा अर्ज ऑनलाइन भरावा आणि व्हिसाचे १८५ डॉलर भरून मुलाखतीची वेळ घ्यावी. व्हिसा नाकारला गेला, तरी अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले जाते; हे मुलीला आधीच सांगून ठेवावे. वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ठाण्याहून लोकलने कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून रिक्षा करावी. सकाळची वेळ असेल, तर गर्दी धरून निघावे. आत मोबाइल नेता येत नाही आणि ठेवायची सोयही नसते, त्यामुळे सोबत कोणीतरी घरचे माणूस असलेले बरे. मुलाखत काही मिनिटांत संपते आणि तिचा सारा रोख एकाच गोष्टीवर असतो : ही मुलगी परत येणार आहे का? याबाबतीत दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीची बाजू पदवीधरापेक्षा भक्कम असते, कारण तिची पदवी येथे अर्धवट आहे. महाविद्यालयाचे बोनाफाईड, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची तारीख आणि आपल्या उत्पन्नाची कागदपत्रे फाईलमध्ये असावीत. पण उत्तर तिने स्वतःच्या शब्दांत द्यावे. पाठ केलेली उत्तरे खिडकीपलीकडच्या माणसाला लगेच कळतात.

एका गोष्टीकडे पालकांचे हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे लसीकरण. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याप्रमाणे सहा किंवा अधिक क्रेडिट घेणाऱ्या विद्यार्थ्याला गोवर, गालगुंड आणि रुबेला यांपासून संरक्षण असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मॅसॅच्युसेट्समध्येही असे नियम आहेत. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते. बालरोगतज्ज्ञाकडे या तिन्हींवरची एमएमआर लस घेतली असेल, तर त्याची नोंद लहानपणीच्या लसीकरण कार्डावर सापडेल. ते कार्ड हरवले असल्यास रक्ततपासणी करून प्रतिकारशक्तीचा अहवाल घेता येतो किंवा लस पुन्हा घेता येते. मात्र दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवसांचे अंतर लागते, म्हणून हे काम मार्चमध्येच उरकावे.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. शुल्क दर क्रेडिटमागे आकारतात, त्यावर निवास, आरोग्य विमा आणि इतर शुल्क येते, आणि उन्हाळ्यात विषय सोडून पूर्ण परतावा मिळवण्याची मुदत मोजक्या दिवसांचीच असते. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक आधीच वसूल करते त्या कराची, म्हणजे टीसीएसची, मर्यादा वर्षाला दहा लाख रुपये झाली आहे. त्यापुढे कापली गेलेली रक्कम विवरणपत्र भरताना आपल्या करात वळती करून घेता येते.

प्रश्न : माझी मावशी जर्सी सिटीला राहते आणि माझ्याकडे दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा आहे. त्याच व्हिसावर मावशीकडे राहून न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी कोर्स केला, तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, नेरुळ

उत्तर : क्रेडिट देणारा कोर्स असेल, तर चालणार नाही. पर्यटक व्हिसावर केवळ हौसेखातर, पदवीशी संबंध नसलेला छोटासा वर्ग करता येतो : आठवडाभराचा चित्रकलेचा, किंवा सुट्टीत पाककृती शिकण्याचा. तिथे पोहोचल्यावर पर्यटकाचा दर्जा बदलून विद्यार्थ्याचा घेऊ, असा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. तो अर्ज मंजूर होईपर्यंत वर्गात बसता येत नाही, आणि मंजुरी येईपर्यंत उन्हाळा सरलेला असेल. येथूनच एफ-१ घ्यावा. आय-२० वरील सुरुवातीच्या तारखेआधी फार तर ३० दिवस अमेरिकेत प्रवेश मिळतो, हे लक्षात ठेवून मावशींकडे जाण्याची तारीख ठरवावी.

मावशींकडे राहण्याची कल्पना मात्र मला मनापासून पटते. मॅनहॅटनमध्ये सहा आठवड्यांच्या निवासाचा खर्च शुल्काच्या बरोबरीने डोळ्यांत येतो, आणि वसतिगृहातील प्रत्येक खोलीला स्वयंपाकघर असतेच असे नाही. जर्सी सिटीतील जर्नल स्क्वेअर स्थानकाहून पाथ या लोकल गाडीने मॅनहॅटनमध्ये नाइन्थ स्ट्रीटला उतरले, की न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कोलंबियाला जायचे, तर मॅनहॅटनमध्ये सबवेची १ क्रमांकाची गाडी धरून ११६ व्या रस्त्यावर उतरावे लागते. तो प्रवास बराच लांबतो, पण नेरुळहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रोज जाणाऱ्यांना त्याचे विशेष वाटू नये. व्हिसाच्या मुलाखतीत मावशींचा विषय निघाला, तर त्या तिथे राहतात हे सरळ सांगावे. डीएस-१६० मध्येही नातेवाईकांची माहिती विचारलेली असते. लपवाछपवीने नुकसानच होते.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. वाशीतील एका सल्लागाराचे म्हणणे आहे, की नामवंत विद्यापीठाचा शाळकरी मुलांसाठीचा उन्हाळी कार्यक्रम केला, की बारावीनंतर तिथला प्रवेश पक्का समजायचा. रक्कम मोठी आहे. भरावी का?
— एक पालक, खारघर

उत्तर : प्रवेश पक्का होतो, या समजुतीपोटी भरू नये. विद्यापीठाच्या आवारात चालणारे हे कार्यक्रम आणि पदवीचा प्रवेश देणारा विभाग यांचा कारभार वेगळा असतो. उन्हाळी कार्यक्रमाला हजेरी लावल्यामुळे पुढील प्रवेशाची हमी मिळत नाही, असे विद्यापीठे स्वतःच सांगतात. अशा कार्यक्रमांचे दोन प्रकार असतात. एकात महाविद्यालयीन विषय शिकवून श्रेणी आणि क्रेडिट देतात; दुसऱ्यात दोन-तीन आठवडे वर्ग, सहली आणि शेवटी सहभागाचे प्रमाणपत्र. पहिला प्रकार कष्टाचा आहे आणि अर्जात त्याला काही अर्थ असतो. दुसऱ्यात मुलाला वसतिगृहात एकट्याने राहण्याचा सराव होतो, जगभरची मुले भेटतात, आणि घरची ऐपत असेल तर त्यातही गैर काही नाही. मात्र त्या प्रमाणपत्रावर प्रवेशाचे गणित बांधू नये.

बारावीनंतर मुलगा जेईई किंवा सीईटी देणार असेल, तर या वर्षीचा उन्हाळा त्याला येथे अभ्यासासाठीच लागेल, याचाही विचार करावा. अमेरिकेत पदवीसाठी जाण्याचे नक्की असेल आणि तरीही हा कार्यक्रम करायचा असेल, तर अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून थेट भरावा. हे अर्ज हिवाळ्यातच उघडतात आणि त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. शुल्कही विद्यापीठाच्या खात्यातच जमा करावे आणि पावती मुलाच्या नावाने घ्यावी, कारण व्हिसाच्या मुलाखतीत तीच दाखवावी लागू शकते. मुलगा अठरा वर्षांच्या आतील असल्याने पालकांच्या संमतीचे आणि वैद्यकीय उपचारांच्या परवानगीचे अर्जही त्यासोबत येतील. त्यांवर आई-वडिलांपैकी नेमक्या कोणाची सही हवी, हे वाचून मगच ते परत पाठवावेत.